कोपऱ्यातल्या काठीचं घुंगरू

आधीच सांगून टाकतो... माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही फारसा नाही. भूत बघायला माणसाला थोडी सवड लागते, आणि मी जन्मभर साखर कारखान्यात पाळ्या केल्या. ज्याची एक आठवडा रात्रपाळी आणि एक आठवडा दुपारपाळी, त्याला चिंचेवर कोण बसलंय हे बघायला वेळ कुठला? त्या चिंचेखालून आम्ही सायकलवर पेंगत गेलोय. कुणी काही केलं नाही.

इथं लोक लिहितात ते भुताचे अनुभव मी वाचत असतो. बऱ्याच ठिकाणी अमावस्या असते, पांढऱ्या साडीतली बाई असते, गाडी बंद पडते. माझ्याकडं यातलं काही नाही. भर दुपार आहे, नदी आहे, एक आजारी माणूस आहे आणि बैलाच्या चाळातलं एक घुंगरू आहे. ज्याला घाबरायची हौस असेल त्यानं पुढं वाचू नये, उगाच फसवणूक होईल. मी हे आजवर तिघांनाच सांगितलं. एक हसला. एकानं देवऋषी सुचवला. आणि बायको म्हणाली, "तुमी तवा झोपंत हुता." तिचंही बरोबर असेल. त्या पाच महिन्यांत मी पूर्ण जागा होतो असे तास बोटावर मोजण्याइतके.

साल चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर. कऱ्हाडच्या खाली कृष्णा सांगलीकडं जायला निघते, तिच्या उजव्या काठाला, इस्लामपूरच्या अलीकडं आमचं गाव. नाव देत नाही, घरची माणसं तिथं अजून नांदतात. घरापासून नदी दीड मैल. मधे नुसता ऊस. कारखाना दुसऱ्या अंगाला, सायकलवर वीस मिनिटं. कारखान्याचा भोंगा आठ, चार आणि बाराला व्हायचा, आणि तो घरातही ऐकू यायचा आणि नदीवरही. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

नाना म्हणजे माझे चुलते. माझे आईवडील मी लहान असतानाच गेले. नाना फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत आले आणि त्यांनी आणि काकीनं मला वाढवलं. त्यांना एकच मुलगी, शालन, ती त्यांना आबा म्हणायची, शिराळ्याला दिलेली. म्हणजे घरात आम्ही तिघंच.

फौजेतून नानांनी तीन वस्तू आणल्या. एक ट्रंक, एक धारदार चाकू आणि एक मासे धरायची काठी. पलटणीतल्या कुठल्यातरी साहेबानं बदलीवर जाताना दिलेली. बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेली, वाकवली तर धनुष्यासारखी वाकायची आणि सोडली की सरळ. तिला खाली तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, गुंडाळायची चक्री, वर तो ओवायला तारेच्या कड्या. गावात मासे धरायचे म्हणजे जाळं टाकायचं. नाना मात्र काठावर उभं राहून एकेक मासा धरायचे. लोक म्हणायचे, "हवालदाराला उद्योग न्हाई." नाना म्हणायचे, "जाळ्यात मासा सापडतो रं. गळाला मासा येतो. फरक हाय."

मरळीसाठी ते चमचा वापरायचे. शब्दशः चमचा! घरातल्या चमच्याचा दांडा कापायचा, दोन्ही टोकांना भोक पाडायचं, एकीकडं तंगूस आणि दुसरीकडं गळ. काकीच्या स्वयंपाकघरात चहात साखर ढवळायला चमचा म्हणून शिल्लक नसायचा. "पावना आला तर बोटानं ढवळू का?" असं ती विचारायची, आणि नाना खरंच "ढवळ की" म्हणायचे.

मला त्यांनी सगळं शिकवलं. ऊन तोंडावर घेऊन उभं राहायचं, म्हणजे आपली सावली पाण्यावर पडत नाही. काठावर पाय आपटायचा नाही. चमचा लांब फेकून मर्दुमकी दाखवायची नाही, लव्हाळ्याच्या कडेनं टाकायचा. "त्यो जखमी माशागत लटपटला पायजे, संप्या. सरळ वडलास तर त्यो चमचाच ऱ्हातो." आणि डोहात बसून धरायचं असेल तर गांडूळ लावून, शिसं बांधून तंगूस तळाला सोडायचा, काठी बेचक्यावर टेकवायची आणि टोकाला घुंगरू बांधायचं. आमचा एक म्हातारा बैल मेला, त्याच्या चाळातली दोन घुंगरं नानांनी काढून घेतली होती. एक त्यांच्या काठीला, एक माझ्या.

"पयल्यांदा वाजलं की बिडी इझवायची," नाना सांगायचे. "दुसऱ्यांदा वाजलं की उठायचं. तंगूस ताठ झाला की मग हिसका. आन् मोठा असला तर भांडायचं न्हाई. त्यो वडतो तवा द्यायचं, त्यो थांबतो तवा घ्यायचं. दे... दे... आता घे."

आणि एक कायदा. मासा गळाला असताना आपल्या हातानं तंगूस कापायचा नाही. तोडून गेला तर गेला, ती त्याची ताकद. पण आपण कापला तर तो तोंडात गळ घेऊन हातभर तंगूस ओढत जन्मभर हिंडतो. "दमला म्हणून कापणारा मानूस काठावर येऊच नये," असं ते मला किमान शंभर वेळा म्हणाले असतील.

चौऱ्याहत्तरची दिवाळी झाली, कारखान्याचा हंगाम सुरू झाला आणि आठवड्याभरात नाना गोठ्याच्या दारात पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मिरजेला नेलं, तीन आठवडे ठेवलं आणि घरी पाठवलं. आता सेवा करा, म्हणाले. सेवा करायला आमची ना नव्हती, पण नाना तोंडच उघडेनात. पेज घेऊन काकी तास तास बसायची. दात गच्च. गावातले डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, "संपत, पोटात गेलं नाही तर पंधरा दिवससुद्धा काढणार नाहीत." काकी दाराआड होती, तिनं ऐकलं.

नानांची नजर सारखी माळ्याकडं जायची, काठी तिथं ठेवलेली. म्हणून काकीनं ती खाली काढली आणि त्यांच्या पायाकडच्या कोपऱ्यात उभी केली. टोकाला घुंगरू तसंच. गळ काठीच्या मुठीच्या बुचात रुतवून ठेवलेला, तंगूस कड्यांतून ओवलेला. नाना तिच्याकडं बघत पडून राहायचे, बस्स.

एक दिवस मी माझी काठी घेऊन नदीवर गेलो. खरं सांगतो, नानांसाठी नाही... घरातून बाहेर पडायला गेलो. रात्रपाळी करून आलो होतो, झोप येत नव्हती आणि घरात बसवत नव्हतं. चारच्या भोंग्याच्या थोडं आधी एक बरी मरळ लागली. घरी आलो तर काकी उंबऱ्यात उभी. डोळ्यांत पाणी, पण रडत नव्हती.

"आरं संपा, खाल्लं त्येनी! वाटीभर पेज खाल्ली!"

"कशानं?"

"ते घुंगरू वाजलं. आपोआप. ह्येनी हसलं आन् तोंड उघडलं. मी म्हनलं घालावी, तर घेतली की पोटात."

"कधी वाजलं?"

"भोंगा व्हायच्या आदी जरा."

मी म्हणालो, उंदीर असेल. दुसऱ्या दिवशी परत गेलो, दोन वांबी लागल्या. घुंगरू दोनदा वाजलं. तिसऱ्या दिवशी काही लागलं नाही, घुंगरूही नाही. नानांनी तोंड मिटून घेतलं ते दुसऱ्या दिवशी मला शिंगाळा लागेपर्यंत.

मी कारखान्याचा माणूस. यंत्र का चाललंय हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. शालन शिराळ्याहून आली होती, सातवी शिकलेली, तिला घरातलं घड्याळ दिलं आणि वेळ लिहून ठेवायला सांगितली. मीही नदीवर मागून आणलेल्या घड्याळात बघून लिहीत होतो. संध्याकाळी दोघांचे कागद शेजारी ठेवले, वेळा मिनिटाला मिनिट जुळल्या आणि मला पाणी प्यावं लागलं. खिडकी बंद केली, फटीला चिंध्या लावल्या. काही फरक नाही. कारखान्यात चाललो असं खोटं सांगून नदीवर गेलो. वाजलंच. मग घुंगरात कापूस कोंबला. त्या दिवशी आवाज आला नाही, पण शालन म्हणाली, "संपादादा, काठीचं टोक वाकलं. माज्या डोळ्यांनी बघितलं. वाकलं आन् सरळ झालं." नानांनी त्या दिवशीही खाल्लं. मी कापूस काढून टाकला आणि त्यानंतर तपासणी बंद केली.

काकीनं एकदा युक्ती केली. तीन दिवस मासा नव्हता. तिनं हळूच टोकाला हात लावून घुंगरू वाजवलं आणि पेजेची वाटी पुढं केली. नानांनी तिच्याकडं असं बघितलं, की ती वाटी खाली ठेवून परसात जाऊन बसली. "लबाडी कळती त्येनला," एवढंच मला म्हणाली.

आता तुम्हाला वाटेल, छान गोष्ट आहे, चुलत्याच्या प्रेमापोटी पुतण्या रोज मासे धरतोय. तुम्ही करून बघा की. महिनाभर करून बघा! रात्रपाळी असली की सकाळी आठला सुटायचं, घरी येऊन अकरापर्यंत कसंतरी झोपायचं आणि नदी. दुपारपाळी असली की सकाळी नदी आणि मग कारखाना. दिवसपाळी असली की चारला सुटून तसंच परस्पर काठावर, अंधार पडायच्या आत काहीतरी लागलंच पाहिजे. सोमवार, गुरुवार, शनिवार काकी मासा शिजवायची नाही, म्हणून त्या दिवशी धरलेला सोडून द्यायचो. पण धरायला लागायचाच. मोठा मासा असला तर नाना वाटीभर खायचे, बोटभर चिलापी असली तर दोन चमचे. चमचेही काकीनं शेजारून मागून आणले होते. आमचे सगळे मरळीनं नेलेले.

बॉयलिंग हाऊसला कामावर असताना एकदा उभ्या उभ्या डुलकी लागली आणि गरम पाकाच्या नळावर हात टेकला. मनगटावर तो डाग अजून आहे. माझ्याबरोबर पाळीत दिनकर म्हणून एक जण होता. त्याला मी सगळं सांगितलं नाही, फक्त म्हटलं, गड्या, एक दिवस माझी काठी घेऊन तू बस. तो बसला, त्याला रोहू लागला, चांगला हातभर. मी घरात नानांच्या पायाशी बसलो होतो. कोपऱ्यातली काठी हलली नाही. नाना माझ्याकडं बघत होते. 'तू इथं काय करतोस' असं ते बघणं. म्हणजे तीही वाट बंद.

मला नानांचा राग यायला लागला. लिहितोय खरं, पण लिहायला बरं वाटत नाही. ज्या माणसानं मला पाठीवर बसवून नदीत पोहायला शिकवलं, त्याचा राग. काठावर बसलो की मनात यायचं, मी एकटाच का? माझं लग्न ठरत नव्हतं, कारण मुलगी बघायला जायला दिवस मिळत नव्हता. काकी भाकरी बांधून द्यायची आणि तिच्या तोंडावर रोज तोच प्रश्न, आज लागेल का? विचारायची नाही. विचारलं असतं तर मी ओरडलो तरी असतो. नानांचं अंग चिपाड झालं होतं, पाठीला जखमा झालेल्या. काकी रात्रंदिवस त्यांना कूस बदलून द्यायची. तिची कंबर वाकली ती त्या पाच महिन्यांत. मी मासे धरत होतो म्हणून नाना जगत होते आणि नाना जगत होते म्हणून मी मासे धरत होतो. यातून कुणाचं काय भलं होत होतं हे मला कळेनासं झालं.

मार्चअखेर नदी उतरली. काठाचं पाणी गेलं, मासा डोहात गेला. आता चमचा चालेना, तळाला गांडूळ सोडून बसायचं. तो दिवस एप्रिलच्या सुरुवातीचा. आदल्या रात्री माझी पाळी बदलायला माणूस आला नाही म्हणून दुपारपाळीला जोडून रात्रपाळी केली, सलग सोळा तास. सकाळी घरी आलो, पण पाठ टेकली नाही. नानांनी दोन दिवस काही घेतलं नव्हतं, ओठ फुटले होते. काकी म्हणाली, "ऱ्हाऊ दे आज." पण ती ते भाकरी बांधता बांधता म्हणाली.

उंबराच्या डोहावर पोचलो तेव्हा दीड वाजला असेल. तंगूस सोडला, काठी बेचक्यावर टेकवली, उंबराला पाठ लावली आणि मेल्यासारखा झोपलो.

घुंगरानं जाग आली. पहिल्यांदा वाजलं. बिडी नव्हती तरी हात तोंडाकडं गेला. दुसऱ्यांदा वाजलं, उठलो. तंगूस ताठ झाला, हिसका दिला. आणि काठी जी वाकली ती सरळ होईना.

तसला मासा मी आधी बघितला नव्हता. त्या दिवशीही बघितला नाही. तो वर आलाच नाही. उसळी नाही, झटका नाही. नुसता जड. सावकाश डोहाच्या मध्याकडं जायचा, मी द्यायचो. थांबायचा, मी घ्यायचो. दे... दे... आता घे. चक्रीवर हात सोलला तसा धोतराचं टोक फाडून गुंडाळलं. घेतलं की तेवढंच परत जायचं. एका जागी आम्ही दोघं. चारचा भोंगा झाला, म्हणजे तास उलटून गेला होता. मी खाली बसलो, काठी मांडीवर घेतली. मग मला हळूहळू जाणवायला लागलं, की तो भांडत नाहीय. त्याला जायचंही नाही आणि यायचंही नाही. तोही दमलाय. तंगसावर बोट ठेवलं की कळत होतं ते, जसं एखाद्याच्या मनगटावर बोट ठेवल्यावर कळतं. मला रडू आलं. एकटा काठावर बसून मोठ्यानं रडलो, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. त्या दीड तासात एकदासुद्धा मला नानांचा राग आला नाही.

खिशात नानांचाच चाकू होता. "बास आता, नाना," असं म्हणालो आणि तंगूस कापला.

कापल्यावर टोक सर्रकन जायला पाहिजे. तसं गेलं नाही. पाण्यावर क्षणभर तसंच राहिलं आणि मग सावकाश, कुणी हातात धरून न्यावं तसं आत गेलं.

घरी जाताना उसाच्या वाटेवर पाय उचलत नव्हते. काय झालं असेल हे मला ठाऊक होतं. दारात चारदोन माणसं जमली होती. शालन त्या आठवड्यात परत आलेली, ती रडत होती. तीच म्हणाली, "लय वेळ वाजत हुतं घुंगरू. थांबंनाच. आन् दादा, आबांचा उजवा हात उठला. गेलेला हात! आंथरुणावर असा पुढं जायाचा, मागं यायाचा. मी धराया गेले तर आई म्हनली, धरू नगंस, त्ये मासा खेळवत्यात. भोंगा झाल्यावर बी चालूच हुतं. मग एकदम थांबलं. हात खाली आला आन् आबा गेलं."

काकी भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "मासा?"

मी म्हणालो, "तोडून गेला."

मी सोप्यात टेकलो आणि, लाज वाटते सांगायला, तिथंच झोपलो. माणसं येत होती, बायका रडत होत्या, तिरडी बांधत होते आणि मी शेजारी घोरत पडलो होतो. दिवस मावळताना मला हलवून उठवलं आणि अग्नी द्यायला नेलं. वाटेत कुणीतरी म्हणालं, पोरगं धक्क्यानं बधिर झालंय. धक्का कसला, झोप होती ती.

तेरावा झाला, पाहुणे गेले, शालनही शिराळ्याला गेली. त्या दुपारी काकीनं मला हाक मारली. तिनं नानांची काठी बाहेर काढून मांडीवर घेतली होती. नाना गेले त्याच दिवशी, माणसं यायच्या आधी, तिनं ती माळ्यावर टाकली होती. मी समजलो, कुणाला द्यायची विचारतेय.

"हे बघ," ती म्हणाली.

गळ मुठीच्या बुचात रुतलेला होता, जसाच्या तसा. पण तिथून टोकाच्या कडीपर्यंत जाणारा तंगूस मधोमध दोन तुकडे झालेला. ती काठी इतके महिने कोपऱ्यात उभी होती. तिला पाणी लागलं नव्हतं.

"तुटला असंल, जुना होता," मी म्हणालो.

काकीनं टोक बोटांत धरून माझ्यापुढं केलं. "तीस वरसं ह्येंच्या संगं काढली मी. तुटल्याला तंगूस कुरळा हुतो, टोक बारीक हुतं. ह्ये बघ. सरळ हाय. ह्यो कापल्याला हाय, संपा."

गेले तेरा दिवस मी कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नव्हता. मी तिच्यापुढं बसलो आणि सांगितलं. मासा तोडून गेला नव्हता. मी कापला. दमलो म्हणून कापला. नानांचा कायदा मोडला, त्यांच्याच चाकूनं. तू मला काय बोलायचं ते बोल. मी तिच्या तोंडाकडं बघत नव्हतो.

तंगूस चक्रीवर गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं हुतं. तू दारात आलास तवाच."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? बरं केलंस म्हनू? नवरा गेल्यावर बायकूनं असं म्हनायचं आस्तं व्हय?" तिनं काठी बाजूला ठेवली. "आता म्हनते. ह्ये दमलं हुतं. तू दमला हुतास. मी बी दमली हुते रं, लय दमली हुते. माजा हात झाला नसता. कुणीतरी कापाया पायजे हुतंच."

आणि उठून तिनं चहा टाकला. चमच्याशिवाय, बोटानं ढवळून.

काकी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी त्यानंतर गळ हातात धरला नाही. दोन्ही घुंगरं माझ्या कपाटात एकाच डबीत आहेत. डबी हलवली की वाजतात, नाही हलवली की वाजत नाहीत, जशी घुंगरं असायला पाहिजेत तशी. दीड मैलावरचं घुंगरू कोण वाजवत होतं, डोहात माझ्या गळाला काय होतं, आणि मी कापला तो तंगूस नदीवरचा की घरातला... पन्नास वर्षं विचार केला, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर लिहा, पण घाई नाही. त्या दिवसापुरतं मला काकीनं सांगितलंय तेवढं पुरतं.